ऑनलाइन विक्रेता व्हायचंय? बाजार तुमचं खातं कसं पारखतो ते आधी समजून घ्या

आमची पहिली गोधडी विकली जायच्या आधीच आमचं खातं बंद झालं होतं. मी आणि माझी जाऊ मिळून भोर तालुक्यातल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या आणि बाळांची दुपटी ऑनलाइन विकतो, त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हा सगळी कागदपत्रं चढवली, फोटो टाकले, आणि दुसऱ्या दिवशी ईमेल आला की तुमचं खातं आमच्या नियमांत न बसणाऱ्या दुसऱ्या एका खात्याशी जोडलेलं दिसतंय. हे दुसरं खातं कोणतं, ते शोधायलाच चार दिवस गेले. जाऊबाईंनी दोन वर्षांपूर्वी त्याच फोनवरून, त्याच नंबरने मसाल्यांसाठी खातं उघडायला घेतलं होतं. बँकेची पडताळणी अर्धवट राहिली आणि पुढे त्या ते विसरूनही गेल्या. बाजाराच्या नोंदीत मात्र ते तसंच पडून होतं.

एकोणीस दिवसांनी आमचं खातं सुरू झालं. तेव्हापासून ओळखीतल्या बचत गटांना आणि घरगुती धंदा करणाऱ्या बायकांना खाती उघडून द्यायला मी मदत करते. चांगला माल असलेल्या बाया केवळ एका स्पेलिंगपायी अडकून पडलेल्या बघितल्या की जीव तुटतो. म्हणून त्यांना जे समोर बसून सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एवढं कळू द्या: बाजाराला तुमची भीती का वाटते

अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो हे स्वतः दुकानदार नाहीत, ते बाजार भरवणारे आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मुळे दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी मध्यस्थावर, म्हणजे इथे बाजारावर, येत नाही, पण त्याने स्वतः योग्य ती काळजी घेतली असेल तरच. २३ जुलै २०२० ला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आले. विक्रेत्याचं नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा नंबर आणि रेटिंग ग्राहकाला दिसलं पाहिजे, हे त्यातून बंधनकारक झालं. ज्यांचा माल कॉपीराइट किंवा ट्रेडमार्कच्या कारणावरून पुन्हा पुन्हा काढावा लागला, अशा विक्रेत्यांची नोंद ठेवायची जबाबदारीही बाजारावर आली.

हे नियम नुसते कागदावर राहिले नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांनाही प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला. सक्तीच्या मानकात न बसणारे प्रेशर कुकर त्यांच्या साइटवर विकले गेले होते. अ‍ॅमेझॉनवरून २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून ५९८ कुकर घेणाऱ्या ग्राहकांना कळवून माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला सांगण्यात आलं. कुकर विकले विक्रेत्यांनी, दंड झाला बाजाराला. त्यानंतर बाजार प्रत्येक नव्या माणसाकडे संशयाने बघणारच.

खोट्या खात्यांचं प्रमाणही लहान नाही. अ‍ॅमेझॉनने स्वतःच जाहीर केलंय की २०२० मध्ये जगभरात फसव्या लोकांचे नवी विक्रेता खाती उघडण्याचे ६० लाख प्रयत्न त्यांनी अडवले, आणि २०२३ मध्ये ही संख्या ७ लाखांवर आली. एवढी खाती माणसं बसून तपासत नाहीत. पहिली चाळणी यंत्राची असते, आणि यंत्राला तुम्ही किती सज्जन आहात हे दिसत नाही. त्याला नाव नावाशी जुळतंय का आणि पत्ता पत्त्याशी जुळतोय का एवढंच दिसतं.

पायरी १: खातं उघडायच्या आधी कागद एकमेकांशी जुळवा

सगळ्यात जास्त खाती इथेच अडकतात, म्हणून इथे घाई करू नका. एका संध्याकाळी पॅन, आधार, बँकेचं पासबुक, जीएसटीचं प्रमाणपत्र आणि लाइट बिल ओळीने टेबलावर मांडा. प्रत्येकावरचं नाव इंग्रजीत जसं छापलंय तसं, अक्षर न अक्षर, वहीत उतरवा.

आपल्याकडे ही अडचण जास्त येते. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, अशी आपली रीत. पॅनवर तिन्ही पूर्ण असतात, बँकेत मधल्या नावाचं एकच अक्षर असतं, आधारवर मधलं नाव गाळलेलं असतं. लग्नानंतर आधार सासरच्या नावाने आणि पॅन माहेरच्या नावाने, असं तर घरोघरी आहे. आमच्या एका गटातल्या ताईंचं आडनाव पासबुकात शेवटी ‘आय’ने संपत होतं आणि पॅनवर डबल ‘ई’ने. माणसाला दोन्ही एकच वाटतात, यंत्राला नाहीत.

पॅनला पाया धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. जीएसटी, आयकर, बँक ही सगळी शेवटी पॅनलाच येऊन मिळतात. पॅनचं चौथं अक्षरसुद्धा बोलतं: व्यक्तीसाठी ‘पी’, भागीदारी फर्मसाठी ‘एफ’, कंपनीसाठी ‘सी’, एकत्र हिंदू कुटुंबासाठी ‘एच’. बाजाराच्या फॉर्मवर तुम्ही ‘भागीदारी’ निवडलंत आणि पॅनवर चौथं अक्षर ‘पी’ असेल, तर फॉर्म तिथेच संशयात जातो. बचत गटांकडून ही चूक फार होते. गट दहा जणींचा असतो, पण पॅन एकीचं दिलेलं असतं.

नाव बदलायचं असेल तर आधी पॅन किंवा बँकेत बदला, नवं कार्ड हातात येऊ द्या, मगच खातं उघडा. ‘आत्ता आहे तसं चढवते, नंतर दुरुस्त करीन’ असं करू नका. नाकारलेल्या अर्जाची नोंद राहते.

पत्त्याचंही तसंच आहे. ‘मु. पो., ता., जि.’ असा आपला पत्ता इंग्रजी फॉर्ममध्ये प्रत्येक वेळी वेगळा लिहिला जातो. एकीकडे ‘मारुती मंदिराजवळ’, दुसरीकडे ‘विठ्ठल मंदिरामागे’, तिसरीकडे गट नंबर. एकच पत्ता ठरवा आणि तोच सगळीकडे द्या. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर लाइट बिलही त्यांच्याच नावाचं असतं, त्यात काही गैर नाही. त्यांच्याकडून जागा वापरायला हरकत नसल्याचं संमतीपत्र घ्या. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार चालू आहे ना, बघा. अकरा महिन्यांचा करार बाराव्या महिन्यात बाजाराच्या लेखी रद्दी असतो.

आणि आमच्यावर आलेला प्रसंग लक्षात ठेवा. घरात आधी कुणी असं खातं उघडलं होतं का, अर्धवट का होईना, ते आठवून आठवून विचारा. दीर, नणंद, मुलगा, सगळ्यांना विचारा. असेल तर आधी ते रीतसर पूर्ण करा किंवा बंद करून घ्या. फोन, वायफाय, बँक खातं, पत्ता यांपैकी काहीही समान निघालं तरी यंत्र दोन खाती जोडून बघतं, आणि एकाचा डाग दुसऱ्याला लागतो.

पायरी २: जीएसटी नंबर की एनरोलमेंट नंबर

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचं पॅन. त्यामुळे बाजाराला नुसता नंबर बघून राज्य आणि पॅन जुळतं का ते कळतं. जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला की नोंदणीचं नाव, धंद्याचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि रिटर्न भरलेत की नाही हे कुणालाही दिसतं. बाजार हे पहिल्या दिवशी बघतो आणि पुढेही अधूनमधून बघत राहतो. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरा. सलग सहा महिने, किंवा तिमाही भरणाऱ्यांनी दोन तिमाही, रिटर्न भरले नाहीत तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि नोंदणी गेली की खातंही थांबतं.

पूर्वी ऑनलाइन माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी लागायचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना एक वाट मिळाली. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असेल आणि फक्त स्वतःच्या राज्यात विकायचं असेल, तर जीएसटी पोर्टलवरून पॅनच्या आधारे एनरोलमेंट नंबर काढून विकता येतं. मीशोने असे विक्रेते घ्यायला सुरुवातही केली. नुकत्या सुरुवात करणाऱ्या ताईंना मी हाच रस्ता सुचवते. महाराष्ट्र काही लहान बाजार नाही. राज्याबाहेर एकही ऑर्डर पाठवायची असेल तर मात्र जीएसटी घ्यावा लागेल.

जीएसटी नंबर असेल तर बाजार तुमच्या पैशांतून टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर) कापून सरकारकडे भरतो आणि तुमची विक्री किती झाली तेही कळवतो. जुलै २०२४ पासून टीसीएसचा दर अर्धा टक्का आहे. तुमच्या रिटर्नमधला आकडा आणि बाजाराने कळवलेला आकडा यांत फरक पडला तर विचारणा होते. दर महिन्याला हे दोन आकडे समोरासमोर ठेवून बघायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा. सीए करतील म्हणून सोडून देऊ नका.

पायरी ३: पडताळणीचा दिवस

बँक खात्याचा नंबर दिला की थोड्या वेळात तुमच्या खात्यात एक रुपया किंवा त्याहूनही कमी रक्कम येते. मेसेज बघून पुष्कळ जणी घाबरतात की कुणी खातं हॅक केलं. घाबरू नका, याला पेनी ड्रॉप म्हणतात. तो रुपया जमा होताना बँक खातेदाराचं नाव बाजाराला परत कळवते, आणि ते पॅनवरच्या नावाशी ताडून बघितलं जातं. पहिल्या पायरीत बँकेचं नाव जुळवायला का सांगितलं ते इथे कळतं. संयुक्त खातं देऊ नका. नवऱ्याचं नाव पहिलं असेल तर बँकेकडून तेच परत जातं. धंद्यासाठी वेगळं खातं उघडलंत तर पुढे हिशेबालाही बरं.

कधी कधी व्हिडिओ कॉल होतो. मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात, वाकवून दाखवा म्हणतात, धंद्याविषयी दोन प्रश्न विचारतात. खातं जिच्या नावावर तिनेच कॉलवर बसायचं. मुलगा शेजारी बसून उत्तरं सांगतोय हे समोरच्याला लगेच कळतं. इंग्रजी येत नसेल तर हिंदीत बोलू का, असं सुरुवातीलाच विचारा. झेरॉक्सचा फोटो चालत नाही. कार्ड टेबलावर ठेवून, चारही कोपरे दिसतील असा, दिवसाउजेडी काढलेला फोटो लागतो.

याच काळात तुम्हाला फोन येतील. ‘मॅडम, तुमचं खातं व्हेरिफाय करायचंय, ओटीपी सांगा’, किंवा ‘लवकर चालू करायला इतके भरा’. बाजार खातं चालू करायला फोनवर पैसे मागत नाही आणि ओटीपी तर कधीच विचारत नाही. पैसे गेलेच तर क्षणाचा उशीर न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

पायरी ४: मालाप्रमाणे परवाने

हे थोडक्यात. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी नंबर लागतो. लहान घरगुती धंद्याला साधी नोंदणी पुरते. मुलांची खेळणी असतील तर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना मात्र त्यातून सूट आहे, म्हणून लाकडी खेळणी बनवणाऱ्यांनी आधी ती नोंदणी करून घ्यावी. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, बनवल्याचं महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. यातलं महिना-वर्ष सोडून बाकी सगळं साइटवरच्या पानावरही दिसलं पाहिजे. पाकिटावर एक वजन आणि लिस्टिंगमध्ये दुसरं, हे पहिल्याच तक्रारीत उघडं पडतं.

दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव लिस्टिंगमध्ये घालू नका. ‘अमुक कंपनीसारखं’ असंही लिहू नका. स्वतःचं नाव पुढे मोठं करायचं असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज करा. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे.

पायरी ५: पहिले साठ दिवस

खातं सुरू झालं म्हणजे बाजाराने विश्वास ठेवला असं समजू नका. इथून रोजची परीक्षा सुरू होते. अ‍ॅमेझॉनचे आकडे उघड आहेत, त्यावरून अंदाज येतो. सदोष ऑर्डरींचं प्रमाण, म्हणजे वाईट शेरा, पैसे परत मागणारा दावा किंवा बँकेमार्फत उलटवलेलं पेमेंट आलेल्या ऑर्डरी, १ टक्क्याच्या खाली हवं, आणि हे ६० दिवसांच्या ऑर्डरींवर मोजतात. स्वतः माल पाठवणाऱ्याने उशिरा रवाना केलेल्या ऑर्डरी ४ टक्क्यांच्या खाली आणि स्वतःहून रद्द केलेल्या २.५ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या. याशिवाय नियम पाळण्याचे गुण वेगळे. एक हजारपैकी २०० किंवा जास्त असतील तर हिरवा, १०० ते १९९ पिवळा, ९९ किंवा कमी असतील तर लाल, आणि लाल झालं की खातं बंद पडायची वेळ येते.

आता हाच हिशेब नव्या माणसाच्या बाजूने मांडा. साठ दिवसांत तुमच्या चाळीस ऑर्डरी गेल्या आणि एकच ग्राहक नाराज झाला, तर प्रमाण झालं अडीच टक्के. एक तक्रार पचवून १ टक्क्याच्या आत राहायचं तर शंभराहून जास्त ऑर्डरी लागतात. मोठ्या विक्रेत्याला जी चूक दिसतही नाही, ती नव्याचं खातं पिवळं करते. मला हे अन्यायाचं वाटतं आणि तसं मी बाजारांच्या विक्रेता बैठकांमध्ये बोललेही आहे. पण हिशेब असा आहे हे धरूनच चालावं लागतं. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत पंचवीस प्रकारचा माल टाकू नका. चार-पाच वस्तू टाका, ज्यांच्याबद्दल तुम्ही डोळे मिटून हमी देऊ शकाल अशा.

साठा खराच लिहा. आमच्या गोधड्या शिवणाऱ्या बायका आषाढात पेरणी-लावणीला जातात, गौरी-गणपतीत चार-पाच दिवस सुई हातात धरत नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही साठा तीस दाखवला होता, घरात होत्या अकरा. नऊ ऑर्डरी आम्हालाच रद्द कराव्या लागल्या आणि त्या घावातून बाहेर यायला दिवाळी उजाडली. आता जेवढ्या कपाटात तेवढ्याच दाखवतो, पाठवायला एका दिवसाऐवजी तीन दिवस घेतो, आणि सणात खातं सुट्टीवर टाकतो. सुट्टीवर टाकलं म्हणून कुणी गुण कापत नाही.

पार्सलचं वजन-मापही प्रामाणिकपणे भरा. गोधडी दोन किलोची, पण लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. साठ, चाळीस, वीसचा खोका असेल तर वजन धरलं जातं ९.६ किलो. आम्ही आता गोधडी घट्ट गुंडाळून दोरीने बांधून मग मोजतो. भरलेलं आणि कुरिअरने मोजलेलं माप पुन्हा पुन्हा वेगळं निघालं तर तेही खात्यावर नोंदलं जातं.

पायरी ६: फोटो, रिटर्न आणि रिव्ह्यू

हाताने केलेल्या मालाला इथे फार जपावं लागतं. गोधडी जुन्या लुगड्यांची, प्रत्येकीचे तुकडे वेगळे. फोटोत हिरवी किनार होती आणि आली ती निळी, म्हणून ग्राहकाने ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण निवडून परत पाठवली. त्या बाईची चूक नव्हती, आमची होती. अशी चार कारणं जमली की यंत्राला वाटतं हा विक्रेता दाखवतो एक आणि देतो दुसरं. मग आम्ही प्रत्येक गोधडीचा वेगळा फोटो, खिडकीजवळच्या उजेडात, वेगळी लिस्टिंग असं सुरू केलं. काम तिप्पट झालं, पण परत येणारा माल एवढा कमी झाला की त्या कष्टाचं चीज झालं. जिथे प्रत्येक नगाचा फोटो शक्य नाही तिथे ‘रंगसंगती प्रत्येक नगात वेगळी असेल’ हे वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहा, तळाशी नको.

रिटर्नचे दोन प्रकार वेगळे ओळखा. ग्राहकाने घेतलंच नाही, पत्ता सापडला नाही, तो झाला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन, म्हणजे निघाला तिथे परत). ग्राहकाने उघडून परत केलं तो ग्राहक रिटर्न, आणि बाजार जास्त लक्षपूर्वक बघतो ती त्याची कारणं. परत आलेलं प्रत्येक पार्सल मोबाइलवर अखंड व्हिडिओ चालू ठेवून फोडा. आधी लेबल दाखवा, मग कात्री लावा, मग आतला माल उलगडा. आत दुसरंच काही निघालं तर ठरलेल्या मुदतीत भरपाईचा दावा करता येतो, आणि मधेच तुटलेला व्हिडिओ पुरावा म्हणून चालत नाही.

रिव्ह्यूंबद्दल एवढं ऐका. आपली माणसं प्रेमापोटी मदत करतात. मामेबहीण ऑर्डर देते, पाच तारे लावते, ‘खूपच सुंदर’ लिहिते. तिचा फोन कधीतरी तुमच्या वायफायला जोडलेला असतो आणि पार्सल तुमच्याच सोसायटीत जातं. हे ओळखायला यंत्राला वेळ लागत नाही. ग्राहक असल्याचं भासवून विक्रेत्याने स्वतःच्या मालाचे शेरे लिहिणं २०२० च्या नियमांतही निषिद्ध आहे. खोक्यात ‘पाच तारे द्या, शंभर रुपये मिळवा’ अशी चिठ्ठी टाकणंही बाजाराच्या नियमांत बसत नाही. नातेवाइकांना हवी असेल तर घरी बोलावून गोधडी द्या, चहा पाजा, पण खात्यावर नको.

पायरी ७: पक्की बिलं, आणि खात्यातले बदल

माल चालायला लागला की एक दिवस ईमेल येतो: गेल्या ३६५ दिवसांतली खरेदीची बिलं पाठवा. माल खरा आहे का, विकलात तेवढा तुम्ही घेतला तरी होता का, हे त्यांना बघायचं असतं. कच्ची चिठ्ठी चालत नाही. पुरवठादाराचं नाव, पत्ता, तारीख, नग आणि तुमचं नाव असलेलं पक्कं बिल लागतं. घाऊक बाजारातून रोखीने आणणाऱ्यांनी पाच-दहा रुपये वाचवायला बिल सोडू नये.

आमच्या बायका बिल देत नाहीत, त्या देणार तरी कुठून? आम्ही एक जाड वही केली. तारीख, शिवणारीचं नाव, किती नग घेतले, किती पैसे बँकेतून दिले आणि तिची सही. सोबत कापड आणि दोऱ्याची बिलं, आणि शिवतानाचे फोटो. ही वही आम्ही दोनदा पाठवली आहे, दोन्ही वेळा मान्य झाली.

खात्यातला बदल एका वेळी एकच करा. फोन नंबर, बँक आणि पत्ता एकाच आठवड्यात बदललेत तर खातं चोरीला गेलं किंवा विकलं गेलं असं दिसतं आणि पैसे रोखले जातात. नंबर बदलून आठ-दहा दिवस सुरळीत जाऊ द्या, मग बँक. आणि कुणी ‘तुमचं खातं आणि जीएसटी आम्हाला वापरायला द्या, महिन्याला ठरावीक रक्कम देऊ’ म्हणालं, तर हात जोडून नाही म्हणा. विकेल तो, पण कर, दंड आणि नोटीस येईल पॅन जिचं आहे तिच्या नावावर. गरजू बायकांना गाठून हे केलं जातं.

पायरी ८: खातं बंद पडलंच तर

पहिल्या तासात काहीही पाठवू नका. ईमेल तीनदा वाचा, कारण ज्या शब्दांत दिलंय ते शब्द वहीत लिहा. दुसरं नवं खातं उघडू नका, त्याने दोन्ही जातात. रोज एक अपील पाठवू नका. एकच पाठवा, पूर्ण.

अपिलात तीन गोष्टी लागतात: मूळ चूक काय झाली, ती आत्ता कशी दुरुस्त केली, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय व्यवस्था लावली. ‘आम्ही अनेक वर्षं प्रामाणिकपणे धंदा करतो, कृपया खातं सुरू करावं’ एवढ्याने काही होत नाही. आमच्या पहिल्या अपिलात हेच होतं आणि ते परत आलं. दुसऱ्यात आम्ही लिहिलं: ‘हे जुनं खातं माझ्या जावेने दोन वर्षांपूर्वी उघडलं. त्यावर एकही विक्री झालेली नाही. बँक पडताळणी अपुरी राहिल्याने ते बंद पडलं. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, सोबत रेशन कार्ड जोडलं आहे. आज आम्ही त्या खात्याची पडताळणी पूर्ण करून ते कायमचं बंद करण्याची विनंती केली आहे, त्या विनंतीचा क्रमांक खाली आहे. यापुढे या घरातून एकच खातं, एकाच फोनवरून चालेल.’ यात गयावया नाही आणि राग पण नाही. प्रत्येक वाक्याला मागे एक कागद जोडलेला होता.

चूक खरंच तुमची असेल तर ती मोकळेपणाने लिहा. ग्राहकावर किंवा कुरिअरवर ढकललेलं अपील वाचणाऱ्याला पुढे काय सुधारणार ते दिसत नाही. चूक तुमची नसेल तर तेही तितकंच स्पष्ट लिहा, पुराव्यासकट.

खातं परत सुरू झालं की काम संपलं असं धरू नका. लिस्टिंग आपोआप सगळ्या परत येत नाहीत, एकेक उघडून बघा. अडकलेलं पेमेंट कोणत्या तारखेला सुटणार ते पेमेंटच्या पानावर बघून लिहून ठेवा. साठ्याचे आकडे बंद काळात जुने झालेले असतात, ते कपाट उघडून नग मोजून पुन्हा भरा, आणि मगच सुट्टीवरची खूण काढा.